एंडोस्कोपीची नवी पद्धत: जिवंत डुकरावर चाचणी हवीच का?

जठरपंथी: अस्तराखाली बोगदा काढायची कुठलीही नवी पद्धत रुग्णावर नेण्याआधी जिवंत डुकरावर झालीच पाहिजे. पोएम (अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा काढून आतला स्नायू कापायची पद्धत) त्याच वाटेने आली: २००७ मध्ये डुकराच्या अन्ननलिकेत, २००८ मध्ये माणसात. हा टप्पा गाळायला माझा ठाम विरोध आहे.

दुर्बिणवाला: गाळू नका, शेवटी ठेवा. हात बसवण्यासाठी जनावर मारणं मला पटत नाही. कत्तलखान्यातलं जठर अन्ननलिकेसकट आणा, आतून धुवा, ड्युओडेनमचं (लहान आतड्याच्या सुरुवातीचं) टोक बांधा म्हणजे हवा टिकते. अर्थिंगची प्लेट (विजेच्या चाकूचा प्रवाह परत नेणारी) जठराला बाहेरून ओली आणि पूर्ण चिकटलेली हवी. मध्ये कोरडी जागा राहिली की चाकू कापत नाही, लोक उगाच पॉवर वाढवतात, मग अचानक संपर्क जुळतो आणि भिंतीला भोक पडतं! खुणा, निळं सलाइन टोचून फुगवटा, गोल छेद, अस्तर सोलणं, हे सगळं इथेच शिकता येतं.

जठरपंथी: पण मेलेल्या ऊतीत रक्त येत नाही, श्वासाची हालचाल नसते. द्रव शोषला जात नाही म्हणून फुगवटाही जास्त टिकतो. आणि चाकूच्या उष्णतेने स्नायू भाजला असेल तर भोक त्याच दिवशी दिसेलच असं नाही, काही दिवसांनीही पडतं. ते कळायला जनावर जगवावं लागतं आणि नंतर शवविच्छेदन करावं लागतं.

भूलतज्ज्ञ: मान्य, पण डुकराचं रक्त माणसापेक्षा लवकर गोठतं. तेव्हा ‘रक्तस्राव आपोआप थांबला’ हा पुरावा धरू नका. त्याच्या अन्ननलिकेत रेखित (हातापायांसारखा पट्टेदार) स्नायू जवळजवळ खालपर्यंत असतो, माणसात खालचा भाग अरेखित (आतड्यासारखा गुळगुळीत). पित्ताची आणि स्वादुपिंडाची नलिका वेगवेगळ्या जागी उघडते, म्हणून ईआरसीपीच्या (दुर्बिणीतून या नलिकांत शिरायच्या पद्धतीच्या) उपकरणाची परीक्षा तिथे फसवी ठरते. निरोगी जनावरात फायब्रोसिस (ऊती व्रणासारख्या कडक होणं) नसतो, आणि रुग्णात खरी अडचण तिथेच येते. आतून फुगवायला वायू मात्र कार्बन डायॉक्साइडच वापरा. तो पोटाच्या पोकळीत शिरला की पोट ताठ होतं, श्वासमार्गाचा दाब चढतो, रक्तदाब घसरतो. पोटातून वायू सोडायची सुई आधीच हाताशी हवी.

दुर्बिणवाला: म्हणूनच म्हणतो, प्रत्येक जनावरामागे आधी लिहिलेला प्रश्न हवा: भाजणं, गळती की रक्तस्राव? शिवाय नुसतं उपाशी ठेवून भागत नाही. पिंजऱ्यातला पेंढाही काढा. डुकरं तो खातात, जठर भरलेलं मिळतं आणि जनावर फुकट जातं.

जठरपंथी: लेखी प्रश्नाची अट मान्य. भाजण्याचा प्रश्न मात्र त्या यादीत पहिला ठेवा.