मदत हवी आहे: आठवी-नववीच्या मुलांना जर्मन क्रियापदं कशी शिकवावीत?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला मी आठवी-नववीच्या मुलांचा जर्मनचा वर्ग घेते. सगळी अगदी नवखी, पण उत्साही.

क्रियापदांचे प्रत्यय त्यांना पटकन कळतात, कारण मराठीतही मी जातो, तू जातोस असं रूप बदलतंच. 'डू लेर्न्स्ट'मधला स् 'शिकतोस'मधल्या स शी जोडून दिला की डोक्यात पक्का बसतो. शिवाय 'तो' आणि 'ती'साठी क्रियापद एकच, एर लेर्न्ट, झी लेर्न्ट, यावर मुली फार खूश!

अडतंय ते सर्वनामांवर. मराठीत 'मिरजेत राहतो' एवढं पुरतं, म्हणून मुलं 'इश' (मी) गाळून थेट 'वोनं इन मिरज' म्हणतात. त्याहून अवघड 'तुम्ही'. दोन मित्रांना उद्देशून 'ईर' हवं, मुख्याध्यापकांना 'झी', आणि आपल्याकडे दोन्हीकडे तुम्हीच. त्यात 'ती' म्हणजे झी, 'ते' म्हणजेही झी. लिहिताना आदरार्थी झीचं पहिलं अक्षर मोठं असतं, पण बोलताना काय करायचं?

तक्ते घोकून घेणं मला पटत नाही. वर्गात प्रोजेक्टर नाही, फळा आणि चिठ्ठ्या आहेत. ईर आणि झी यांतला फरक खेळातून कुणी शिकवला आहे का? आणि झाइन (असणं), हाबन (जवळ असणं) आधी घ्यावीत की लेर्नन (शिकणं), वोनन (राहणं) यांसारखी नियमित क्रियापदं? फारनमध्ये (वाहनाने जाणं) डू बरोबर स्वर बदलतो, ते मी तूर्त बाजूला ठेवलंय.

शिकवणाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनीही जरूर सांगा.