परदेशात तात्पुरतं ऑफिसकाम करून पुढे फिरायचंय, गोव्यातून कोणी केलंय का?

साखळीची पोर:
नमस्कार. वय २७, बी.कॉम., पर्वरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. टॅली, एक्सेल, जीएसटी हे रोजचंच. दोनेक वर्षं बाहेर राहून ऑफिसातली छोटी छोटी कामं करायची आणि साठलेल्या पैशांत स्कॉटलंड, लिस्बन, जमलं तर मोरोक्को बघायचा, असं फार दिवस मनात आहे. एक एजंट म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर चला, काम तिथे लागतं." बाबांना ते पटत नाही, मलाही धाकधूक आहे. शेजारचे दोघे इंग्लंडमधल्या स्विंडनला आहेत, पण ते पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले. भारतीय पासपोर्टवर सरळ मार्ग कुठला?

डिचोलीकर:
एजंटला एक रुपया देऊ नका. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. पकडलं तर परत पाठवतात आणि पुढचे व्हिसाही अडतात. शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथे राहायला गेले त्यांना राहण्याचा हक्क मिळाला. आता नव्याने कामाला जायचं तर पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही व्हिसा लागतो.

मडकईची ताई:
बाय, मार्ग आहे आणि तुझ्या वयाला तो बसतो. ब्रिटनची इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, दोन वर्षांचा व्हिसा. वय १८ ते ३०, पदवी, आणि खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस. वर्षाला ३,००० जागा, सोडत निघते, सोडतीत नाव घालायला फी नाही. नाव लागलं की व्हिसाची फी आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार. तो वर्षाला ७७६, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२ पौंड आधीच भरायचे. टीबीची तपासणीही असते. पण हातात नोकरी नसताना अर्ज करता येतो, म्हणून तुझ्यासारखीला हाच व्हिसा.

मी मँचेस्टरला टेम्पिंग केलं, म्हणजे एजन्सीमार्फत ऑफिसांतली तात्पुरती कामं. एजन्सीत टायपिंगची आणि एक्सेलची चाचणी घेतात. काम शोधून देण्याचे पैसे एजन्सीने तुझ्याकडून घेणं तिथे कायद्याने बंद आहे, कोणी मागितले तर उठून ये. मग सकाळी फोन येतो: कोणी बाळंतपणाच्या रजेवर, कोणाचं ऑपरेशन, कुठे महिनाअखेरची बिलं तुंबलेली. अकाउंट्स येणाऱ्याला रिसेप्शनपेक्षा बरा दर मिळतो, ते ठासून सांग. शुक्रवारी टाइमशीटवर साहेबाची सही, पुढच्या शुक्रवारी पैसे.

दोन-तीन दिवसांच्या कामांमागे धावू नको. एकाच जागी एकच काम १२ आठवडे केलं की तिथल्या कायम माणसांइतका पगार द्यावा लागतो, आणि भरपगारी रजाही साठत जाते. मी ती रजा प्रवासासाठी राखायचे. फिरताना खात्यात पगार पडतो, याचं सुख मला फार वाटायचं.

लिस्बनसाठी शेंगेन व्हिसा लागेल, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा. अर्ज ब्रिटनमधूनच होतो. टेम्प माणसाला नोकरीचं पत्र कोण देणार, इथे पुष्कळजणी अडकतात. एजन्सीकडून पत्र घे, प्रत्येक पेस्लिप जपून ठेव. मोरोक्को शेंगेनमध्ये नाही. स्पेनमधून जाऊन परत स्पेनलाच येणार असशील तर मल्टिपल एन्ट्री, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा व्हिसा माग.

वास्कोकर:
ऑस्ट्रेलियाही बघा. ४६२ नंबरचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना खुला झाला, वर्षाला १,००० जागा, तिथेही सोडत, वय १८ ते ३०. एका मालकाकडे सहसा सहाच महिने काम करता येतं. कर मात्र पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. ब्रिटनमध्ये १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही, हा फरक हिशेबात धरा.

साखळीची पोर:
ताई, खूप आभार. ते २,५३० पौंड पहिला पगार येईपर्यंत पुरतात का?

मडकईची ताई:
काटकसरीने पुरतात, पण त्यातून फिरायचं मनात आणू नको. खोलीचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत घेतात, वर पहिल्या महिन्याचं भाडं. लंडनऐवजी मँचेस्टर, लीड्स बघ. डिसेंबरात पोचू नको, नाताळात ऑफिसं बंद आणि अर्धा जानेवारी सुस्त. सोडत अलीकडे फेब्रुवारी आणि जुलैत निघालीय. जुलैत नाव लागलं तर गणेशचवथ घरी करून निघ. पदवीचं सर्टिफिकेट विद्यापीठातून काढलंयस ना? नसेल तर त्या कामाला आधी लाग.