मदत हवी आहे: ओसाकामधील रस्त्यावरचे खाणे, शाकाहारी सासूबाई आणि स्थानिक मार्गदर्शक

नमस्कार. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही ओसाकाला जात असून तिथले रस्त्यावरचे खाणे एखाद्या स्थानिक मार्गदर्शकासोबत पाहावे, असा विचार आहे. मी आणि माझे यजमान मासे-मटण सगळे खातो. सोबत येणाऱ्या सासूबाई मात्र पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांना अंडेही चालत नाही. कांदा-लसणाचे वावडे नाही.

आमची खरी अडचण भाषेची नसून दाशीची आहे. सुकवलेल्या बोनिटो माशाचे आणि कोंबू या समुद्री शेवाळाचे हे पाणी ताकोयाकीच्या (ऑक्टोपसचा तुकडा घातलेल्या, आप्प्यांसारख्या गोळ्यांच्या) पिठात, ओकोनोमियाकीत (कोबी घातलेल्या जाड धिरड्यात), ओदेनच्या (मंद आचेवर उकळलेल्या पदार्थांच्या) रश्श्यात सगळीकडे असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ताकोयाकीतला ऑक्टोपस वगळायला सांगता येईल, वरून भुरभुरलेला कात्सुओबुशी, म्हणजे सुक्या बोनिटोचा कीस, नको म्हणता येईल, परंतु पीठच दाशीत आणि अंड्यात भिजवलेले असेल तर त्याला इलाज नाही. गर्दीच्या वेळी दोतोनबोरी या खाऊगल्लीतल्या विक्रेत्याला याची उलटतपासणी करणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणूनच आधी चौकशी करून ठेवणारा माणूस सोबत हवा आहे.

सासूबाईंना खाण्यापेक्षा पाहण्याची ओढ अधिक आहे. त्या आयुष्यभर आप्पे करत आल्या आहेत. ताकोयाकीवाला खळगे भरून वाहतील इतके पीठ सगळ्या तव्यावर ओततो, मग टोच्याने मधले पीठ कापून खळग्यांत कोंबतो आणि अर्धवट शिजलेली वाटी पाव वळसा देऊन फिरवतो, हे त्यांनी चित्रफितीत पाहिले आणि तेव्हापासून ते जवळून पाहायचेच, असा त्यांचा आग्रह आहे. ऑक्टोपस घालण्याची पद्धत ओसाकात १९३५ साली सुरू झाली. त्याआधीच्या राजिओयाकी या तशाच गोळ्यांत कोन्याकूचे, म्हणजे एका कंदापासून केलेल्या लिबलिबीत वडीचे, तुकडेही घालत असत, हे वाचल्यावर बिनमाशाचा प्रकार करणे अगदीच अशक्य नसावे, अशी मला आशा वाटते. ओसाकातल्या पुष्कळ घरांत ताकोयाकीचा तवा असतो म्हणतात. कोंबू आणि शिताके अळंबीच्या दाशीत, अंडे न घालता, कोन्याकू किंवा मक्याचे दाणे भरून ताकोयाकी घरी करून दाखवणारा मार्गदर्शक आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का? अंड्याशिवाय ती तव्यापासून नीट सुटतात का, हेही कोणी करून पाहिले असल्यास कृपया लिहावे.

मार्गदर्शक निवडण्याबाबतही सल्ला हवा आहे. १९४९च्या कायद्यानुसार परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन मार्गदर्शन करण्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागत असे. जानेवारी २०१८पासून ही अट उठल्यामुळे आता परवानाधारक आणि बिनपरवाना असे दोन्ही प्रकारचे लोक हे काम करतात. आमच्यासारख्या पथ्य असलेल्या कुटुंबासाठी परवान्याने खरोखर फरक पडतो, की त्या गल्लीतल्या दुकानदारांशी असलेली ओळख अधिक उपयोगी पडते? शिवाय स्वयंसेवी मार्गदर्शकही असतात, ज्यांचा प्रवासखर्च आणि जेवण आपण द्यायचे असते. त्यांच्यावर प्रत्येक पदार्थाच्या चौकशीचे ओझे टाकणे योग्य होईल का?

समूहासोबतच्या सहली मी जवळजवळ बाद केल्या आहेत, कारण त्यांतले थांबे ठरलेले असतात आणि आमच्या एका माणसासाठी इतरांना ताटकळत ठेवणे मला रुचणार नाही. कुरोमोन बाजार सकाळी आणि शिनसेकाई हा जुना भाग संध्याकाळी, असे आम्ही ढोबळ ठरवले आहे. शिनसेकाईतली कुशिकात्सू, म्हणजे काडीला खोचून, पिठात घोळून तळलेले मांस-भाज्यांचे तुकडे, आम्ही दोघे खाऊ. सामाईक सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, हा नियम ठाऊक आहे. भाज्यांच्या काड्याही त्याच पिठात घोळून त्याच तेलात तळल्या जात असल्याने सासूबाईंसाठी तो मार्ग बंदच आहे. भाजलेले रताळे, म्हणजे याकी-इमो, त्यांना निर्धास्त देता येईल. मिताराशी दांगो या तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांवरच्या सोया-साखरेच्या पाकात काही ठिकाणी दाशी घालतात, असे कळते. ती न घालणारे ओसाकातले दुकान कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावे.