मदत हवी आहे: ब्लूबेरीची नवी पानं पिवळी पडताहेत

नमस्कार मंडळी, पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीच्या जोडीला ग्रो बॅगमधे बिलॉक्सी जातीची ब्लूबेरी लावलीय, कोकोपीट आणि परलाइटवर. फुटवा मस्त होता पण उन्हाळा लागल्यापासून शेंड्याची पानं पिवळी होताहेत, शिरा मात्र हिरव्याच, म्हणजे लोह कमी पडतंय. मला संशय बोअरच्या पाण्याचा आहे, जड पाणी, बायकार्बोनेट जास्त, त्यानं पीएच चढला की मुळांना लोह घेता येत नाही, आणि ह्या पिकाला मुळाशी पीएच ४.५ ते ५.५ लागतोच, आम्लधर्मी मातीशिवाय ते जमत नाही हे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोविलनी अमेरिकेत १९१० मधेच लिहून ठेवलंय. नायट्रेटपेक्षा अमोनियम मानवतं म्हणून अमोनियम सल्फेट चालू आहे, पोटॅशसाठी एमओपी (म्हणजे पोटॅशियम क्लोराइड) अजिबात देत नाही कारण क्लोराइड सोसत नाही त्याला. पण पाण्यानंच पीएच चढत असेल तर वरून चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) मारून किती दिवस निभावणार?

तर ठिबकमधून अ‍ॅसिड देणाऱ्यांनी सांगा, सायट्रिक, फॉस्फोरिक का सल्फ्युरिक? प्रमाण कसं काढता? आणि शेततळ्यातलं पावसाचं पाणी बोअरमधे मिसळून कुणी वापरलंय का, फरक पडला का? वाई-महाबळेश्वरकडच्यांनी नक्की लिहा, झाडं वाचवायचीत.