मॉनिटर १६५ हर्ट्झचा, जीटीए मात्र ६० वरच अडलाय

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातनं लिहितोय. खाली टॉवेलचे माग, वर आमची खोली. स्पीकर लावून उपयोग नाही, खडखडाटात गोळी कुठून आली तेच कळत नाही, म्हणून हेडफोन. तर दिवाळीच्या बोनसातून २४ इंची मॉनिटर घेतला. १०८०पी, १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. आधीचा साधा ६० चा होता.

बाकी सामान जुनंच: आय३-१०१००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, विंडोज ११. मॉनिटरच्या खोक्यातलीच एचडीएमआय केबल लावलीय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन १६५ निवडलंय. नुसता माऊस फिरवला तरी फरक दिसतो, लोण्यागत पळतो.

पण जीटीए ५ हा गेम उघडला की कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार होतात त्याचा, आकडा ६०. ग्राफिक्स सगळे तळाला नेले, ६०. पोताचा दर्जा वाढवला, तरी ६०. काउंटर-स्ट्राइक २ चं वेगळंच. तिथं १०० दिसतात, धूर झाला की ७० वर येतात, मग परत ११०.

नव्या पेठेतला दुकानदार म्हणतो कार्ड बदला. कार्डाचं नाव घरात काढायचं तर आधी मॉनिटर कशाला घेतला याचा हिशेब द्यावा लागंल, आणि वडील कारखान्यात दिवाणजी आहेत, हिशेबात सुटका नाही. शेजारचा पोरगा म्हणतो डोळ्याला ६० च्या वर काही दिसतच नसतं. त्याला दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून माऊस फिरवून दाखवला, तेव्हा गप्प झाला.

काय करू सांगा.

कडकभाकरी

अरे आपल्या गावचा! केबल बदल की लका. एचडीएमआय काढ, डिस्प्लेपोर्ट घाल. माझा १४४ चा मॉनिटर एचडीएमआयवर १२० च्या पुढं सरकेना. डिस्प्लेपोर्ट घातली आणि विषय संपला. दुकानात केबलीवर ‘८के’ छापलंय का बघत बसू नको, छापायला काय जातंय.

निशिगंधा

कडकभाकरी, तुमच्या मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट बहुतेक जुन्या १.४ आवृत्तीचा असेल. त्याची वाट सेकंदाला १०.२ गिगाबिटची, आणि बरेच मॉनिटर त्यावर १२० लाच थांबतात. २.० ची वाट १८ गिगाबिटची आहे, त्यातून १०८०पी ला १६५ आरामात जातं. टॉवेलवाल्यांना विंडोजमध्ये १६५ चा पर्याय मिळतोय आणि डोळ्यांनाही फरक दिसतोय, म्हणजे केबल इथे निर्दोष आहे.

टॉवेलवाला, मॉनिटरचे हर्ट्झ आणि गेमचे एफपीएस ही दोन वेगळी खाती आहेत. मॉनिटर सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलायला तयार आहे. तेवढी चित्रं तयार करून देणं हे प्रोसेसर आणि कार्डाचं काम. १६५ साठी प्रत्येक चित्राला जेमतेम ६ मिलिसेकंद मिळतात, ६० ला साडेसोळाच्या वर मिळत होते.

जुनाजॉयस्टिक

दुकानदाराला बाजूला ठेव. तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त दोन गेम एका पोत्यात घालू नकोस.

मशीन कमी पडतं तेव्हा आकडा नाचतो. ७१, ८४, ६६, गर्दी आली की खाली, आकाशाकडे बघितलं की वर. जीटीएत तुझा आकडा ६० वर गोठलाय, ग्राफिक्स तळाला नेऊनही हलत नाही. एवढं नेमकं कुठलंही दमलेलं मशीन वागत नाही. कुणीतरी कुलूप घातलंय. काउंटर-स्ट्राइकचा आकडा नाचतोय, तिथे खरोखर दम कमी पडतोय.

आधी जीटीए. गेम चालू असतानाच मॉनिटरच्या मागचं बटण दाबून त्याच्या स्वतःच्या मेन्यूत माहितीचं पान उघड. तिथे ६० दिसलं तर गेमने मॉनिटरलाच ६० वर खाली ओढलंय. पूर्ण फुलस्क्रीनमध्ये गेम आपले हर्ट्झ स्वतः ठरवू शकतो, डेस्कटॉपला काय लावलंय ते तो विचारत नाही. जीटीएच्या ग्राफिक्स मेन्यूत रिफ्रेश रेट अशी वेगळी ओळ आहे. जुन्या मॉनिटरच्या वेळचे ६० तिथे राहिले असणार, कारण हा गेम सेटिंग्ज डॉक्युमेंट्समधल्या आपल्या फोल्डरात एका एक्सएमएल फाईलमध्ये जपून ठेवतो. त्यात व्हीसिंक, म्हणजे गेमची चित्रं मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारी सोय, चालू असेल तर ६० च्या वर एक फ्रेम मिळायची नाही. ती ओळ १६५ कर, व्हीसिंक बंद कर.

मॉनिटरच्या मेन्यूत १६५ दिसत असूनही गेम ६० वरच असेल, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट कधीकाळी ६० केलाय का पाहा. उन्हाळ्यात कार्ड तापू नये म्हणून लोक करतात आणि विसरतात. तिथेच प्रिफर्ड रिफ्रेश रेट ‘हायेस्ट अव्हेलेबल’ करून ठेव, जुन्या गेमांना उपयोगी पडतं.

आणि हो, काही गेमांत कुलूप बनवणाऱ्यांनीच घातलेलं असतं. एल्डन रिंग ६० च्या पुढे जातच नाही. त्याच्यासाठी रात्र जाळू नका.

टॉवेलवाला

जॉयस्टिक काका, पाया पडतो. मॉनिटरच्या मेन्यूत ६०च दिसलं. गेममधली ती ओळ १६५ केली, व्हीसिंक काढला, आणि आता शहरात ८५ ते ९५, वाळवंटाकडं गेलं की ११० च्या वर. गाडी वळवताना आता हाताला लागते. पण मधेच चित्र आडवं चिरल्यागत होतं.

काउंटर-स्ट्राइकचं काय?

निशिगंधा

आधी एक, गेमच्या मेन्यूतला आकडा मोजू नका, तिथे १२० ची वेगळी मर्यादा असते. सामना चालू असताना बघा.

मग रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम. कार्डावर पैसे घालण्याआधी ही फुकटची परीक्षा प्रत्येकाने घ्यावी असं माझं मत आहे, दुकानात ती कुणी सांगत नाही. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसरचा वेग बघा. तुमचा आय३ ३.६ गिगाहर्ट्झचा आहे, जोर लावल्यावर ४.३ पर्यंत जातो.

टॉवेलवाला

७२० ला पण तेवढेच. म्हणजे माग वेगाचा, पण कांड्या भरणारा हात मागं पडतोय.

आणि प्रोसेसरचा वेग सुरुवातीला ४ च्या वर असतो, थोड्या वेळानं ३ च्या खाली घसरतो. तापमान शंभरीला टेकतंय. खोलीत पत्रा आहे, पण आत्ता काही मे महिना नाही.

जुनाजॉयस्टिक

खाली माग म्हणालास ना? कॅबिनेट उघड आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली बघ. सुताचे तंतू बसून जाड गादी झाली असेल. त्या आय३ ची हद्द १०० अंशांची आहे, तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

साफ करताना वीज पूर्ण काढ. मऊ ब्रश घे. कारखान्यातला कॉम्प्रेसर अजिबात लावू नको, त्यातून पाणी येतं. आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, मोकळं सोडलं तर भिंगरीसारखं फिरून त्याचं बेअरिंग जातं. कूलर काढलास तर थर्मल पेस्ट नवीन लावावी लागेल, नुसती गादी काढायची तर कूलर काढायची गरज नाही.

टॉवेलवाला

गादी नव्हती, नॅपकिन होता. पांढरा, एक कोपरा गुलाबी, कारण त्या दरम्यान खाली गुलाबी सूत चालू होतं. आईनं बघितलं आणि म्हणाली, कारखान्यात ऑर्डर देऊ का याची.

आता वेग ४ च्या वरच टिकतोय, तापमान ७० च्या आसपास. काउंटर-स्ट्राइक १२५ ते १४०, धुरात १०५. जीटीए पण वाढला. ती चिरफाड तेवढी राहिली. आणि रॅमची अजून एक पट्टी घ्यावी का? दुकानदार ३२०० वेगाची देतो म्हणतोय.

निशिगंधा

रॅमची दुसरी पट्टी जरूर घ्या, दोन पट्ट्यांवर प्रोसेसरला दुप्पट रुंद वाट मिळते आणि सामन्यातले खड्डे कमी होतात. फक्त ३२०० साठी जास्त पैसे मोजू नका. तुमचा आय३ अधिकृतपणे २६६६ वेगाच्या रॅमचा आहे, साध्या एच४१० मदरबोर्डावर ३२०० ची पट्टीही २६६६ नेच चालेल. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि किती खाचा भरल्यात ते दोन्ही दिसतं.

चिरफाडीसाठी मॉनिटरच्या मेन्यूत फ्रीसिंक असेल तर चालू करा, आणि कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक. मॉनिटर मग गेमच्या तालावर चालतो, ९० तर ९०, १३० तर १३०. पण १६५० कार्डाला अशा मॉनिटरवर हे डिस्प्लेपोर्टवरूनच जमतं.

कडकभाकरी

बघा, शेवटी आली ना डिस्प्लेपोर्टवर गाडी! कारण वेगळं असंल, केबल तीच. टॉवेलवाल्या, माझ्याकडं दोन मीटरची जास्तीची पडलीय. रविवारी पार्क चौकात येतो, घेऊन जा. त्या बदल्यात आम्हाला दोन नॅपकिन, पण मागावरचे, पंख्यातला नको.

जुनाजॉयस्टिक

ती लावल्यावर गेमची मर्यादा १६० ला बांधून ठेव. १६५ च्या वर गेलं की जी-सिंकचा ताल सुटतो. आणि केबल बदलल्यावर विंडोज परत ६० वर जाऊ शकतं, तेव्हा अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन पुन्हा बघ.