टेरेसवर काचेची खोली करायचीय, परवानगी लागते का?

गंगापूररोडकर:
आमचा जी प्लस वन बंगला आहे, वरच्या बेडरूमला लागून साधारण 12 बाय 10 ची ओपन टेरेस. आईचे गुडघे गेलेत, खाली बागेत उतरता येत नाही, म्हणून वरच कुंड्या ठेवून काचेची खोली करावी, वर पारदर्शक छत, असं चाललंय डोक्यात. यूट्यूबवर बघितलं की 30 चौरस मीटरच्या आत असेल तर परवानगीच लागत नाही, फॅब्रिकेटरपण म्हणतो शेडला कोण विचारतं. खरंय का हे?

साइटवरचा:
दादा, तो 30 चौरस मीटरचा नियम इंग्लंडचा. आणि तिकडेही खोली तळमजल्याला पाहिजे, घर आणि खोलीमधलं बाहेरचं दार तसंच राहिलं पाहिजे आणि घरातली हीटिंग तिथे ओढायची नाही, तरच सूट. आपल्याकडे 2020 पासून यूडीसीपीआर म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली आहे, ओपन टेरेस बंद केली की ती एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्या मर्यादेत, धरतात. आधी मंजूर नकाशा काढा, एफएसआय शिल्लक असेल तर आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा टाकून मंजुरी घ्या. नाहीतर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, विनापरवाना बांधकामाची नोटीस येते, ती फॅब्रिकेटरला नाही येत, तुम्हाला येते.

सिडकोची_ताई:
आम्ही मंजुरी घेऊन केलं तरी चुकलोच. पॉलीकार्बोनेटची, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेली पारदर्शक प्लास्टिकची शीट उलटी बसवली होती, उन्हापासून वाचवणाऱ्या यूव्ही कोटिंगची बाजू खाली, वरची छापील फिल्म बघितलीच नाही कोणी. दोन उन्हाळ्यांत पिवळी पडली आणि अवकाळीच्या गारांनी सरळ भोकं पडली. शीटच्या कडा टेपने बंद केल्या नव्हत्या, आतल्या नळ्यांमध्ये पाणी जाऊन हिरवं शेवाळ धरलं, ते काही केल्या निघत नाही. आणि एप्रिलमध्ये दुपारी आत पाय ठेववत नाही हो, तुळससुद्धा करपली माझी. आईंसाठी करताय म्हणून कळकळीने सांगते, चारी बाजू बंद करू नका.

साइटवरचा:
ताई बरोबर बोलल्या, थंड देशात ऊन कोंडायला करतात ती खोली, आपल्याला ऊन बाहेर काढायचंय. शीटच लावणार असाल तर मीटरला 9 सेंटीमीटर तरी उतार द्या, नळ्या उताराच्याच दिशेने, आणि स्क्रूचं भोक मोठं ठेवा कारण थंडी ते उन्हाळा 3 मीटरच्या शीटमध्ये 7-8 मिलिमीटरचा फरक पडतो, घट्ट आवळली की तडकते. वर काच घेतली तर लॅमिनेटेडच, म्हणजे मध्ये तुकडे धरून ठेवणारा प्लास्टिकचा थर असलेली, नुसती टफन्ड काच फुटली की सगळे तुकडे डोक्यावर येतात. डिझाइनसाठी वाऱ्याचा वेग नाशिकला 39 मीटर प्रतिसेकंद धरतात, म्हणजे ताशी 140 किलोमीटर, तेव्हा खांब टाइल्सवर नुसते बोल्ट करू नका, स्लॅबमध्ये अँकर करून घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून.

गंगापूररोडकर:
खूप आभार दोघांचे. फॅब्रिकेटरला थांबवलंय, ॲडव्हान्स दिला नव्हता बरं झालं. मंजूर नकाशा सापडला कपाटात, सोमवारी आर्किटेक्टकडे जातो. आईला विचारलं तर म्हणाली मला काच नकोच, सकाळचं ऊन आलं पाहिजे आणि पावसात कुंड्यांपाशी बसता आलं पाहिजे. मग नुसतं छप्पर आणि पूर्वेची बाजू पूर्ण मोकळी, एवढंच विचारतो. ताई, तुमच्या शीटवरची फिल्म कुठल्या रंगाची होती?