शब्दचर्चा : 'व्यंगचित्रपट', 'सचेतनपट' की सरळ 'कार्टून'?

विचारणा
अमेरिकेत १९३०-४०च्या दशकांत थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सहा-सात मिनिटांची कार्टून्स दाखवत, त्यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. मी 'व्यंगचित्रपट' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'सचेतनपट' केलं. नुसतं 'कार्टून' म्हटलं की टीव्हीपुढे जेवणारं पोर डोळ्यांसमोर येतं. तुम्ही कोणता शब्द वापराल?

प्रतिसाद १
'व्यंगचित्रपट' नको. मूळ शब्द 'व्यंग्य', म्हणजे सुचवलेला अर्थ. त्यातला 'य' गळला आणि 'व्यंगचित्र' रूढ झालं, त्याला आता कोणी हात लावू नये. पण व्यंगचित्र म्हटलं की कुणाला तरी चिमटा काढलेला असतो, अशीच आपली अपेक्षा असते. म्हणून तर शि. द. फडणीसांच्या चित्रांना आपण आवर्जून 'हास्यचित्रं' म्हणतो. टॉम जेरीच्या मागे धावतो त्यात चिमटा कुणाला?

प्रतिसाद २
चिमटा 'कार्टून'मध्येही मुळात नव्हता. इटालियन 'कार्तोने' म्हणजे जाड कागद, आणि त्यावर काढलेला भित्तिचित्राचा पूर्ण आकाराचा आराखडा. लंडनच्या नव्या संसद भवनासाठी आलेले असे आराखडे १८४३ साली प्रदर्शनात मांडले होते. 'पंच' साप्ताहिकाने स्वतःची टीकाचित्रं 'कार्टून' म्हणून छापून त्यांची खिल्ली उडवली आणि तिथून अर्थ बदलला. आज आपण माणसालाही 'काय कार्टून आहे!' म्हणतो. इतका रुळलेला शब्द टाकू नका.

प्रतिसाद ३
मी 'कार्टूनपट' वापरीन, आणि ठामपणे वापरीन.

'सचेतनपट' चुकीचा नाही. लॅटिन 'अनिमा' म्हणजे प्राण, 'अ‍ॅनिमेशन' त्यातूनच आलं. पण ते तंत्राचं नाव झालं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्या एकेका फ्रेमला सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली, तीही सचेतनपटच. तुम्हाला हवा आहे तो प्रकार याहून नेमका आहे. 'मूकपट', 'बोलपट', 'बातमीपट' यांच्या ओळीत 'कार्टूनपट' न अडखळता बसतो, आणि 'पट' आला की थिएटर आलंच.

थिएटर सोडून या प्रकाराचा विचारच करता येत नाही. एका तिकिटात बातमीपट, कार्टून आणि मुख्य चित्रपट असा सगळा कार्यक्रम असे. मोठे स्टुडिओ स्वतःच थिएटरांचे मालक होते आणि चित्रपट गठ्ठ्याने विकत, त्यामुळे कार्टूनला गिऱ्हाईक ठरलेलं. म्हणून त्यावर खर्च करायची हिंमत होती. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांवर. एकाच वेळी दोन पात्रं हलायची तर आणखी.

ते पैसे कुठे गेले हे पाहायचं तर टॉम अँड जेरीचा ऑस्कर मिळालेला 'द कॅट काँचेर्तो' लावा. टॉम कोट घालून पियानोवर फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवतो आहे, जेरी पियानोच्या आत हातोड्यांवर झोपलेला. टॉमची बोटं ज्या सुराला पट्टीवर पडायला हवीत त्याच सुराला पडतात. चेहरा मैफलीतल्या कलावंताचा, आणि जेरी आतून उचकवू लागला तरी तो चेहरा श्रोत्यांसमोर सांभाळायची धडपड! एकही संवाद नाही. त्या भुवयांची हालचाल बघताना मला आजही भरून येतं, कारण कुणीतरी टेबलाशी बसून ती एकेका कागदावर काढलेली आहे.

मग १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात गठ्ठ्याने विकण्याला चाप लावला, पाठोपाठ टीव्ही आला. १९५७ साली टॉम अँड जेरी काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओने कार्टून विभाग बंद केला. तिथलेच, टॉम अँड जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा टीव्हीसाठी काम करू लागले, तेव्हा पैसा इतका तुटपुंजा होता की धड स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायची पाळी आली. माणसं तीच, पण प्रकार वेगळा. दोन्हींना नुसतं 'कार्टून' म्हटलं तर हा फरक पुसला जातो.

विचारणा करणारी
'कार्टूनपट' पटला, संपादकांना कळवते. आता 'सेल', 'इनबिटवीन' आणि 'मिकी माउसिंग' यांचं काय करू?

प्रतिसाद ३
'इनबिटवीन'ला सरळ 'मधली चित्रं' म्हणा. मुख्य चित्रकार हालचालीतले महत्त्वाचे टप्पे काढतो, मधली चित्रं साहाय्यक भरतात. 'सेल' वाचून लोकांना घड्याळाचा सेल किंवा दुकानातला सेल आठवेल, तेव्हा पहिल्यांदा 'सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव' असं लिहा, मग 'सेल' चालेल. अर्ल हर्ड या अमेरिकन अ‍ॅनिमेटरने १९१४च्या सुमारास ही पद्धत काढली. पात्रं तावावर आणि मागचा देखावा वेगळा, म्हणजे देखावा दर फ्रेमला नव्याने काढायला नको.

'मिकी माउसिंग' मात्र आहे तसाच ठेवा. पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीला सूर जुळवणं, असा त्याचा अर्थ. १९२८च्या 'स्टीमबोट विली'त मिकी गाईच्या दातांवर झायलोफोन वाजवतो, तो प्रसंग सांगितलात की वेगळी व्याख्या नको. चित्रपटसंगीतात हा शब्द हिणवायलाही वापरतात, तेवढं लक्षात असू द्या.

प्रतिसाद १
या लेखात मुंबईला एक परिच्छेद द्या. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवायला आले, अ‍ॅनिमेटर राम मोहन त्याच वर्षी तिथे रुजू झाले आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' हा कार्टूनपट तयार झाला. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत, तेव्हा 'कार्टूनपट' तिथेही शोभेल.

विचारणा करणारी
देते. शेवटचं, अनेकवचन?

प्रतिसाद २
'कार्टून' नपुंसकलिंगी, त्याचं 'कार्टुनं' करा, 'कार्टून्स' कशाला? 'कार्टूनपट' पुल्लिंगी : तो कार्टूनपट, ते कार्टूनपट, कार्टूनपटात.